‘मोदक का फुटतात?’ : मराठी पानासाठी कीवर्ड निवडताना

श्रावण संपत आला की पाककृतींच्या मराठी ब्लॉगांवर एकच लगबग सुरू होते. जो तो उकडीच्या मोदकांवर लिहायला बसतो. फोटो झकास, कळ्या सुबक, कृतीही बिनचूक. आणि चतुर्थीला शोधून पाहावं तर आपलं पान गुगलच्या पहिल्या तीस-चाळीस निकालांतही नाही.

मग ‘एसईओ करून देतो’, म्हणजे पान शोधनिकालांत वर आणून देतो, म्हणणारे भेटतात आणि शीर्षकात चार वेळा ‘मोदक’ घालायला सांगतात. पी हळद नि हो गोरी, यातलाच प्रकार. खरा घोळ बहुतेक वेळा दोन जागी असतो. वाचक जे टाइप करतो (तोच कीवर्ड) आणि आपण जे लिहितो, त्यांची गाठच पडत नाही, हा एक. दुसरा म्हणजे देवनागरी पानात राहून गेलेल्या बारीक तांत्रिक खोडी. त्या इंग्रजी धड्यांत सापडत नाहीत, कारण इंग्रजीला त्यांचा जाच नाहीच. दोन्ही गोष्टी मोदकाचंच उदाहरण धरून पाहू. तुमचा विषय सातबारा असो, कांद्याचा बाजारभाव असो की कोकणातला होमस्टे, रीत हीच.

वाचक टाइप काय करतो

‘उकडीचे मोदक’ हे शुद्ध रूप. पण शोधणारे ‘ऊकडीचे’ लिहितात, ‘उकडिचे’ लिहितात, आणि बरेच जण मोबाइलवर रोमन अक्षरांत ‘उकडीचे मोदक रेसिपी इन मराठी’ असं ठोकून मोकळे होतात. रोमनमध्येही ‘डी’साठी कुणी आय वापरतो, कुणी दोनदा ई, ‘क’नंतरचा ए कुणी गाळून टाकतो. त्यात बोलून शोधणारे आले. कीबोर्डवरचा माइक दाबून ते अख्खा प्रश्न विचारतात, ‘मोदक वाफवताना का फुटतात’, आणि तो थेट देवनागरीत उमटतो.

शब्दांची निवडही वेगळी. ‘पाककृती’ मासिकात शोभते. सर्चच्या चौकटीत ‘रेसिपी’च जास्त दिसते. मोदक ‘बनवत’ नाहीत, ‘करतात’, हा आग्रह मला पूर्ण मान्य आहे. पण वाचकाने ‘कसे बनवायचे’ लिहिलं म्हणून त्याला दारातून परत पाठवण्यात काय शहाणपण? मजकुरात ‘करतात’ लिहा, एखाद्या उपशीर्षकात ‘बनवायचे’ येऊ द्या.

शब्द गोळा करायला महागडं साधन लागत नाही. ब्राउझरची खाजगी विंडो उघडा, म्हणजे तुमच्या जुन्या शोधांची छाप पडणार नाही. गुगलमध्ये ‘उकडीचे मोदक’ लिहून एक स्पेस द्या आणि खाली येणाऱ्या सूचना वहीत उतरवा. मग पुढे एकेक अक्षर जोडा: क, का, कि, न, प, स. दर वेळी यादी बदलते. ‘मोदकाची’, ‘मोदकाला’, ‘मोदकाचे’ अशी विभक्तीची रूपं घेऊन पुन्हा तेच करा. मराठीत निम्मे चांगले प्रश्न सामान्यरूपामागे दडलेले असतात. मग रोमनमध्ये. मग यूट्यूबच्या सर्चमध्ये, कारण स्वयंपाकाचे प्रश्न तिथे वेगळ्या शब्दांत विचारले जातात. गुगलच्या निकालांत मध्येच येणारे ‘लोक हेही विचारतात’चे प्रश्न आणि तळाशी असलेले संबंधित शोधही घ्या. तासाभरात वहीची दोन-तीन पानं भरतात.

यादी गरजेप्रमाणे लावा, स्पेलिंगप्रमाणे नाही

इथे सगळ्यात जास्त चुका होतात. यादी हातात आली की प्रत्येक ओळीला एक पान करायचा मोह होतो: एक पान ‘उकडीचे मोदक रेसिपी’वर, दुसरं ‘उकडीचे मोदक कसे बनवायचे’वर, तिसरं रोमन स्पेलिंगवर. तिन्ही मागे माणूस एकच, गरज एकच. तीन पानं केलीत तर ती आपापसातच भांडतात. गुगल कधी एक उचलतं, कधी दुसरं, आणि एकही नीट वर येत नाही.

यादीसमोर एक रकाना आखा, ‘याला नक्की काय हवंय?’ मोदकांच्या यादीचे मग असे ढीग पडतात. पूर्ण कृती हवी असलेले, वेगवेगळ्या शब्दांत आणि लिप्यांत, हा पहिला आणि सगळ्यात मोठा. त्यानंतर अडलेले: ‘पिठीला पाणी किती’, ‘उकड कोरडी झाली तर’, ‘मोदक का फुटतात’, ‘सारण पातळ झाले काय करावे’. यांना वेगळं पान नको, त्याच पानात ठळक उपशीर्षक हवं. ‘२१ मोदकांसाठी प्रमाण’ विचारणाऱ्याला तक्ता हवा असतो. तोही त्याच पानात. ‘तळणीचे मोदक’ आणि ‘खव्याचे मोदक’ हे मात्र वेगळे पदार्थ, वेगळी पानं. आणि ‘उकडीचे मोदक ऑर्डर पुणे’ लिहिणाऱ्याला कृतीशी काही देणंघेणं नाही, त्याला विकत हवेत. तुम्ही मोदक विकत असाल तर त्याच्यासाठी दर, पोहोचवण्याचा भाग आणि फोन नंबर असलेलं पान करा. विकत नसाल तर तो शब्द खुशाल सोडून द्या.

दोन शब्द एका पानात घ्यायचे की नाही अशी शंका आली तर दोन्ही गुगलमध्ये शोधा आणि पहिले दहा निकाल शेजारी ठेवा. सहा-सात पानं तीच असतील तर गुगलच्याही लेखी गरज एक आहे. दोन-तीनच सारखी असतील तर पानं वेगळी करा. हा काही लिहिलेला नियम नव्हे, पण अंदाजपंचे ठरवण्यापेक्षा कितीतरी बरा.

स्पर्धाही याच वेळी जोखा. पहिल्या दहांत सगळे मोठे रेसिपी पोर्टल आणि वृत्तपत्रं असतील, तर नवा ब्लॉग नुसत्या ‘उकडीचे मोदक’वर लगेच वर येणं अवघड. पण ‘मोदक का फुटतात’ शोधल्यावर दहातल्या पाच पानांत त्याचं नीट उत्तर नसेल, दोन निकाल जुन्या चर्चांचे असतील आणि एक हिंदीत असेल, तर ती जागा तुमची. छोट्या ब्लॉगने तिथूनच आत शिरावं.

आकडे किती मानायचे

गुगलचा कीवर्ड प्लॅनर जाहिरातींसाठी बनलेला आहे. खातं लागतं, पण त्यावर जाहिरातीचा खर्च नसेल तर नेमका आकडा न मिळता ‘१०० ते १ हजार’, ‘१ हजार ते १० हजार’ असे पट्टे दिसतात. जवळची रूपंही तो एकत्र मोजतो. शिवाय देवनागरीतल्या लांब प्रश्नांपुढे बहुधा रिकामी जागाच दिसते. ती पाहून प्रश्न यादीतून काढू नका. सूचनांमध्ये तो उमटला, याचा अर्थ कुणीतरी तो विचारतंय.

एखादा शोध कधी आणि कुठे चढतो ते दाखवणाऱ्या गुगल ट्रेंड्समध्ये ० ते १०० हे आकडे शोधांची संख्या नसतात. निवडलेल्या काळातला आणि भागातला सर्वांत वरचा बिंदू १०० धरून बाकीचं त्याच्या प्रमाणात दाखवलेलं असतं. भाग ‘महाराष्ट्र’ निवडा, मग गोवा वेगळा पाहा. एका वेळी पाच शब्दांची तुलना होते; अधिकचं चिन्ह घालून दोन स्पेलिंगं एकाच रेषेत जोडताही येतात. देवनागरी एका रेषेत आणि रोमन रूपं दुसऱ्या रेषेत घेतली की आपल्या विषयात कोणती लिपी चालते ते दिसतं. हे विषयागणिक बदलतं, म्हणून दुसऱ्याचा निष्कर्ष उसना घेऊ नका.

सणाच्या विषयात तिथीचा पेच आहे. गणेश चतुर्थी २०२५ मध्ये २७ ऑगस्टला होती. २०२६ मध्ये अधिक मासामुळे ती १४ सप्टेंबरला आली, म्हणजे १८ दिवस पुढे. ‘मागच्या वर्षीच्या याच तारखा’ अशी तुलना केली तर ऑगस्टअखेर आकडे गडगडलेले दिसतील आणि पान पडलं म्हणून घबराट उडेल. पान जागेवरच असतं, गणपती यायचे असतात. तुलना तिथीने करा: चतुर्थीच्या आधीचे २१ दिवस विरुद्ध चतुर्थीच्या आधीचे २१ दिवस.

आणि पान चतुर्थीच्या आदल्या आठवड्यात टाकून उपयोग नाही. गुगलने ते शोधायचं, नोंदवायचं, इतरांशी तोलायचं, याला वेळ लागतो. सहा ते आठ आठवडे आधी, म्हणजे साधारण आषाढात, पान जागेवर असावं. मोदकांना दर संकष्टीला आणि अंगारकीला थोडी मागणी असतेच, त्यामुळे लवकर टाकण्यात नुकसान काही नाही.

पानात काय लिहायचं

शीर्षकापासून सुरू करू. ‘गणेशोत्सव विशेष : बाप्पाच्या आवडीचा पारंपरिक नैवेद्य’ हे कागदावर ठीक, कारण तिथे शेजारी फोटो असतो. निकालांच्या यादीत हे कशाबद्दल आहे तेच कळत नाही. त्याऐवजी ‘उकडीचे मोदक : पारी फुटू नये म्हणून पिठी-पाण्याचं प्रमाण’. पदार्थ पहिल्या दोन शब्दांत आला आणि या पानात वेगळं काय ते पुढे आलं. अक्षरं मोजायचे इंग्रजी ठोकताळे देवनागरीला लागू पडत नाहीत. वेलांटी, रफार, जोडाक्षर यांची मोजणी एक आणि पडद्यावरची रुंदी दुसरी. गुगल शीर्षक रुंदीनुसार कापतं, म्हणून महत्त्वाचं आधी लिहा आणि ब्लॉगचं नाव शेवटी. २०२१ पासून गुगल कधी कधी शीर्षक स्वतःच बदलून दाखवतं, बहुतेकदा पानावरच्या मोठ्या मथळ्यावरून. तेव्हा टायटल टॅग (निकालांसाठी कोडमध्ये दिलेलं शीर्षक) आणि पानावरचा मथळा यांत फार अंतर ठेवू नका.

रोमन रूप कुठे घालायचं? नेहमीच्या शब्दांची रोमन-देवनागरी जोडी गुगल बऱ्याच अंशी लावतं. तरी पानाच्या पत्त्यात ते एकदा आलेलं चांगलं, आणि मजकुरात हवंच असेल तर एखाद्या वाक्यात सहज. तळाशी वीस स्पेलिंगांची रांग लावणं हा सरळसरळ स्पॅम आहे.

पहिल्या परिच्छेदात उत्तर द्या. गणपतीला मोदक का आवडतात याची कथा नंतर. शोधून आलेल्या माणसाच्या एका हातात फोन आहे, दुसरा पिठीने माखलाय. त्याला आधी हे दिसू दे: एक वाटी तांदळाच्या पिठीला एक वाटी पाणी, पाण्याला उकळी आल्यावर चिमूटभर मीठ आणि चमचाभर तूप, पिठी घालून झाकण, दोन वाफा; सारणाला दोन वाट्या ओल्या नारळाचा चव आणि एक वाटी गूळ; मोदकपात्रात १० ते १२ मिनिटं.

मग येतो खरा मजकूर, जो दहातल्या आठ पानांत नसतो. पारी फुटते कारण उकड गरम असताना पुरेशी मळलेली नसते आणि थंड झाल्यावर तिला चिरा जातात. उरलेली उकड ओल्या फडक्याखाली ठेवली नाही की हेच होतं. मोदक वाफेत उकलतो तो बहुधा सारणात ओल राहिल्याने, किंवा पारी बुडाशी पातळ आणि कडेला जाड झाल्याने. पिठी जुनी असेल तर जास्त पाणी पिते, म्हणून एक वाटीला एक हे प्रमाण सुरुवातीचं, शेवटचं नाही. असा एकेक दोष, त्याचं कारण आणि त्यावरचा उपाय प्रत्येकी एका उपशीर्षकाखाली लिहिला की वहीतल्या अडलेल्यांच्या प्रश्नांपैकी निम्मे आपोआप येतात. कीवर्ड घालावे लागत नाहीत, ते विषयातूनच उगवतात. आडातच नसेल तर पोहऱ्यात कुठून येणार, हे एसईओला तंतोतंत लागू आहे.

प्रांताप्रांताचे शब्दही असेच सहज येऊ द्यात. कुणी ‘नारळाचा चव’ म्हणतं, कुणी ‘ओलं खोबरं’. कळ्यांना कुठे पाकळ्या म्हणतात, कुठे चुण्या. मोदकपात्र नसलेला ‘चाळणीवर मोदक कसे वाफवायचे’ विचारतो. घटकांच्या यादीत एक शब्द, कृतीत दुसरा, एवढं पुरतं.

याउलट हा नमुना पाहा: ‘उकडीचे मोदक ही उकडीचे मोदक रेसिपी असून उकडीचे मोदक बनवण्यासाठी उकडीचे मोदक साहित्य लागते.’ अशी वाक्यं अजूनही दिसतात, आणि बऱ्याचदा त्यामागे एसईओ प्लगइनचा, म्हणजे ब्लॉगला जोडलेल्या कीवर्ड मोजणाऱ्या छोट्या प्रोग्रामचा, हिरवा दिवा असतो. ‘उकडीचे मोदक’ हा शब्द ठरवून दिला की ‘उकडीच्या मोदकांना’ हे त्याचंच रूप आहे, हे अशा प्लगइनना सहसा कळत नाही. मग शब्द कमी पडला म्हणून दिवा लाल, आणि लेखक तो हिरवा करण्यासाठी विभक्ती मोडून लिहायला लागतो. दिवा लाल राहू दे. त्या प्लगइनचा वाचनीयतेचा गुण इंग्रजी वाक्यांच्या हिशेबाने काढलेला असेल, तर त्याकडेही बघू नका.

मेटा कीवर्डचा, म्हणजे पानाच्या कोडमध्ये कीवर्ड लिहायचा, रकाना रिकामा ठेवा. तो आपण मोजत नाही हे गुगलने २००९ मध्येच जाहीर केलंय. मेटा डिस्क्रिप्शनने (निकालात शीर्षकाखाली दिसू शकणाऱ्या वर्णनाने) क्रमांक बदलत नाही, पण क्लिक मिळू शकते, म्हणून दोन वाक्यं माणसासाठी लिहा.

पत्ता कापला जातो तो असा

वर्डप्रेसमध्ये देवनागरी शीर्षक दिलं की त्यावरूनच पत्त्याचा शेवटचा भाग, म्हणजे स्लग, तयार होतो. देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ या साठवणीच्या पद्धतीत ३ बाइटचं, आणि पत्त्यात टक्क्याच्या चिन्हांसह ते ९ अक्षरं खातं. काना, मात्रा, वेलांटी, हलन्त ही सगळी वेगवेगळी चिन्हं. ‘मोदक’ म्हणजे म, ओकार, द, क: चार चिन्हं, ३६ अक्षरं. वर्डप्रेस स्लग २०० अक्षरांवर कापतं.

‘उकडीचे मोदक करण्याची सोपी पद्धत’ हे शीर्षक घेऊ. ‘उकडीचे’ची ५४ अक्षरं, ‘मोदक’ची ३६, ‘करण्याची’ची ७२, मध्ये तीन आडव्या रेघा; झाली १६५. ‘सोपी’ला ३६ लागतात, उरलीत ३५. त्यामुळे स्लग होतो ‘उकडीचे-मोदक-करण्याची-सोप’. वेलांटी गेली, पद्धत गेली. शिवाय हा पत्ता व्हॉट्सॲपवर पाठवला की बऱ्याचदा टक्क्यांची लांबलचक माळ दिसते, आणि लोक तिला व्हायरस समजून हात लावत नाहीत.

देवनागरी पत्त्यात चूक काही नाही, गुगल तो वाचतं. पण व्यवहारात रोमन अक्षरांतला दोन-तीन शब्दांचा स्लग बरा पडतो. प्रसिद्ध करण्याआधीच बदला. आणि पत्त्यात वर्ष कधीच घालू नका. ‘मोदक-२०२४’, ‘मोदक-२०२५’ अशी दरवर्षी नवी पानं करणारा दरवर्षी शून्यापासून सुरुवात करतो. एकच पत्ता ठेवा, त्यातला मजकूर सुधारा. जुनी पानं आधीच झाली असतील तर सर्वांत जास्त क्लिक येणारं ठेवा, इतरांतला चांगला मजकूर त्यात आणा आणि बाकीचे पत्ते ३०१ ने, म्हणजे पत्ता कायमचा बदलल्याच्या खुणेने, त्याकडे वळवा. हे वळण किमान वर्षभर काढू नका, जमलं तर कायमच राहू द्या.

दिसायला सारखं, आतून वेगळं

जुन्या डीटीपी फॉन्टमधला मजकूर ही अजूनही न संपलेली डोकेदुखी. श्रीलिपी, कृतिदेव, शिवाजी अशा फॉन्टच्या जुन्या फाइलींत टाइप केलेलं डोळ्यांना मराठी दिसतं, पण आत रोमन अक्षरांचा काला असतो, आणि गुगल तो कालाच वाचतं. पीडीएफ अंक असे शेकड्यांनी पडून आहेत. तपासणी सोपी: एक ओळ कॉपी करून नोटपॅडमध्ये टाका. मराठी दिसली तर युनिकोड, म्हणजे सगळीकडे चालणारी अक्षरपद्धत. चिन्हांचा कचरा दिसला तर आधी रूपांतर करा, मग एसईओचं बोला. चित्रावर लिहिलेल्या कृतीचीही तीच गत. मजकूर पानावर मजकूर म्हणूनच हवा.

युनिकोडमध्येही एक अक्षर दोन तऱ्हांनी लिहिलं जातं. ‘पाकळ्या वळणाऱ्या’तला ‘ऱ्या’ कुणी नुक्त्याच्या ‘ऱ’ला हलन्त लावून काढतो, कुणी साध्या ‘र’ला हलन्त आणि मागे न दिसणारा जोडक लावून. ‘ॲप’मधला ‘ॲ’ स्वतंत्र चिन्ह म्हणून येतो किंवा ‘अ’वर चंद्र देऊन. पडद्यावर फरक शून्य, संगणकाला दोन वेगळे शब्द. तुमच्या ब्लॉगमधला शोध, एक्सेलची गाळणी, सर्च कन्सोलची (आपलं पान गुगलवर कसं दिसतं ते सांगणाऱ्या गुगलच्या साधनाची) गाळणी यांना हे एकच आहेत हे कळत नाही. टीममध्ये दोघे-तिघे वेगवेगळ्या कीबोर्डवर लिहीत असतील तर एक पद्धत ठरवा: ‘ऱ’ आणि ‘ॲ’ हीच चिन्हं, आणि जुना मजकूर शोधून-बदलून घ्या.

पानाच्या कोडमध्ये भाषा एम-आर (मराठीचा दोन अक्षरी कोड) लिहिलेली आहे ना पाहा. थीम बहुतेक वेळा इंग्रजीची खूण घेऊन येते. गुगल भाषा मजकुरावरून ओळखतं, या खुणेवरून नाही. पण दृष्टिहीन वाचकांचे स्क्रीन-रीडर तिच्याकडे पाहतात, आणि काही फॉन्ट ती पाहूनच मराठी वळणाचे ‘ल’ आणि ‘श’ दाखवतात. तेच पान हिंदीतही असेल तर दोन्ही पानांवर ‘एचरेफलँग’ ही दुसऱ्या भाषेतलं पान कोणतं ते सांगणारी खूण लावून एकमेकांकडे बोट दाखवा; एकाच बाजूने लावलं तर गुगल ते मानत नाही. गोव्यातल्यांची इथे अडचण होते: ही खूण दोन अक्षरी भाषा-कोड मागते आणि कोकणीला तो कोडच नाही.

पाककृतीचा स्ट्रक्चर्ड डेटा, म्हणजे नाव, वेळ, साहित्य अशी गुगलसाठी ठरावीक रकान्यांत दिलेली माहिती, भरताना मराठी लेखक हमखास एका जागी ठेचकाळतात. वेळेच्या रकान्यात ‘४५ मिनिटे’ लिहिलं की ते अवैध ठरतं. तिथे आंतरराष्ट्रीय साचा लागतो: रोमन पी, टी, मग इंग्रजी आकड्यांत पंचेचाळीस, मग एम. पदार्थाचं नाव, साहित्य, पायऱ्या देवनागरीत चालतात. वेळ, तारीख, गुणांकन यांतले आकडे इंग्रजीच हवेत. फोटो आणि नाव सक्तीचं. आणि स्वतःच स्वतःला पाच तारे देऊ नका, ते धोरणाविरुद्ध आहे. भरून झालं की गुगलच्या रिच रिझल्ट चाचणीत पत्ता टाकून बघा.

वेग, थोडक्यात

मोजमापं तीन: मुख्य भाग २.५ सेकंदांत दिसावा, स्पर्शाला प्रतिसाद २०० मिलिसेकंदांत यावा, मजकुराची उडी ०.१ च्या आत राहावी, आणि हे पाऊणशे टक्के भेटींत साधावं. मराठी ब्लॉगांत गाडं अडतं ते फॉन्टपाशी. जोडाक्षरांमुळे देवनागरी फॉन्ट जड असतात, आणि लोक चार-चार वजनं भरतात. साधं आणि ठळक, दोनच ठेवा; फॉन्ट येईपर्यंत फोनमधला देवनागरी फॉन्ट दिसू द्या. वरच्या मोठ्या फोटोला ‘लेझी लोड’ (फोटो उशिरा, गरज पडेल तेव्हाच आणणं) लावू नका, नाहीतर मुख्य भागच सर्वांत शेवटी येतो. फोटो वेबपी या हलक्या प्रकारात, १२०० पिक्सेल रुंद, आणि त्याच्या वर्णनात ‘आयएमजी ४०३२’ऐवजी ‘हळदीच्या पानावर वाफवायला ठेवलेले उकडीचे मोदक’. जाहिरातीच्या जागेची उंची आधीच राखून ठेवा, म्हणजे कृती वाचता वाचता ओळ खाली सरकणार नाही.

पान दिसतच नसेल तर

सर्च कन्सोलमध्ये पत्ता तपासा. वर्डप्रेसच्या ‘वाचन’ सेटिंगमध्ये सर्च इंजिनांना परावृत्त करणारी चौकट साइट बांधताना टिकलेली आणि तशीच राहिलेली, हे फार वेळा सापडतं. दुसरा घोळ: पान नोंदवू नये म्हणून नोइंडेक्स ही खूण लावायची आणि रोबोट्स फाइलमध्येही (गुगलच्या बॉटने, म्हणजे पानं वाचणाऱ्या प्रोग्रामने, कुठे जाऊ नये ते सांगणारी फाइल) अडवायचं. अडवल्यावर बॉटला नोइंडेक्स वाचताच येत नाही, आणि दुसरीकडून लिंक असेल तर पत्ता निकालांत उरतो. ‘पाहिलं पण नोंदवलं नाही’ असा शेरा असेल तर पुन्हा पुन्हा विनंती पाठवून काही होत नाही. त्या पानात इतरांपेक्षा वेगळं काय आहे ते पाहा, आणि आपल्याच इतर पानांवरून त्याला लिंक द्या. लिंकचे शब्द ‘येथे क्लिक करा’ नकोत. संकष्टीच्या पानावरून ‘उकडीच्या मोदकांची पारी’ असा दुवा दिला की वाचकालाही कळतं आणि गुगललाही.

नोंदलेल्या पानाचे शोधशब्द पाहताना गाळणीचा प्रकार ‘कस्टम (रेजेक्स)’ निवडून तिच्यात ‘मोदक’ची देवनागरी आणि रोमन रूपं उभ्या रेघेने जोडून घाला, नाहीतर निम्मंच चित्र दिसतं. एकूण क्लिक आणि शब्दांपुढच्या क्लिकची बेरीज जुळणार नाही. फार थोड्यांनी केलेले शोध गुगल लपवतं. सरासरी ८ ते २० क्रमांकावर असलेले आणि इम्प्रेशन (निकालांत किती वेळा दिसलं तो आकडा) बरी असलेले शब्द आधी घ्या. पान जवळ आलंय, एखादं उत्तर कमी पडतंय. ‘मोदक फ्रीजमध्ये किती दिवस टिकतात’ हा शब्द १४ व्या क्रमांकावर दिसला आणि पानात त्याबद्दल ओळही नसेल, तर तीन वाक्यांचा एक परिच्छेद घाला आणि तीन-चार आठवडे थांबा. क्रमांक ३ वर असून क्लिक नगण्य असतील तर शीर्षक बदलून बघा, किंवा तोच शोध स्वतः करून पाहा. कदाचित उत्तर गुगल वरच दाखवत असेल आणि खाली यायची कुणाला गरज उरत नसेल.

विसर्जन झालं की चतुर्थीच्या आधीच्या त्या तीन आठवड्यांचे शब्द, क्लिक, इम्प्रेशन आणि क्रमांक शीटमध्ये उतरवून ठेवा, फाइलीच्या नावात चतुर्थीची तारीख घालून. सर्च कन्सोल फक्त १६ महिन्यांचा हिशेब ठेवतं, म्हणजे परवाच्या गणपतीचे आकडे पुढच्या गणपतीपर्यंत मिळतील, त्याच्या पुढच्या गणपतीला नाही.